पाणी किती ॲसिड खातं? तरणतलावाची अल्कलिनिटी घरच्या घरी मोजताना

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला त्यांनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आणि समोर एक छोटा तरणतलाव केला. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांचा फोन आला. "अगं, हे पाणी काही ऐकतच नाही. परवा ॲसिड टाकून सामू (पीएच) सात पॉइंट चारवर आणला, आज सकाळी बघतो तर परत आठ. मला वाटतं, ॲसिडच पाणचट मिळालंय."

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून असले फोन मला येतात. मी त्यांना विचारलं, "मामा, जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संप्रेरकाच्या) फवारणीला पाण्याचा सामू साडेपाच-सहावर आणता ना तुम्ही? त्याला सायट्रिक ॲसिड किती लागतं?" ते म्हणाले, "लई लागतं. आमच्या बोअरचं पाणी ॲसिड खातं." तलावही त्याच बोअरच्या पाण्याने भरलेला होता. मग मी म्हटलं, "बस, हेच मोजायचंय आपल्याला."

पाणी किती ॲसिड खातं, याचं माप म्हणजे अल्कलिनिटी. पुस्तकांत तिला कुठे अल्कता, कुठे क्षारता म्हटलेलं सापडतं. मी क्षारता हा शब्द टाळते, कारण तो ऐकला की लोकांना खारं, मचूळ पाणी आठवतं आणि ती गोष्ट वेगळी. बाटलीवर छापतात ते 'अल्कलाइन' हेही वेगळं, ते सामूबद्दल असतं. आणि साबणाला फेस येऊ न देणारा जडपणा हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा मामला. हे चारही एकाच बोअरमध्ये सुखाने नांदू शकतात, म्हणून घोळ होतो. पण मोजायचे चारही वेगवेगळे.

सामू आणि अल्कलिनिटी यांतला फरक बोलून कळण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेला बरा. दोन पेले घ्या. एकात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात बोअरचं पाणी, प्रत्येकी १०० मिली. दोन्हींत लिंबाचा एकेक थेंब टाका, ढवळा आणि सामूची पट्टी बुडवा. डिस्टिल्ड वॉटरचा सामू एका थेंबात ४ च्या आसपास कोसळतो. बोअरच्या पाण्याचा जेमतेम हलतो. थेंब तोच, लिंबू तेच. दुसऱ्या पेल्यात ते ॲसिड झेलायला कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याचं नाव बायकार्बोनेट.

हे बायकार्बोनेट येतं कुठून? पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. आपल्याकडे खाली सगळा दख्खनचा काळा पाषाण. त्या बेसॉल्टच्या फटींतून झिरपताना हे आंबट पाणी दगडातली खनिजं हळूहळू विरघळवतं आणि बदल्यात बायकार्बोनेट घेऊन पुढे जातं. जितका काळ दगडाच्या सहवासात, तितकं जास्त. म्हणून बोअरच्या पाण्यात ते भरपूर आणि धरणाच्या पाण्यात सहसा कमी. आणि थेट आभाळातून पडणाऱ्या पावसात जवळजवळ नाहीच. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, जुलैमध्ये त्याचं काम पडतं.

तलावाच्या पाण्यासाठी अल्कलिनिटी साधारण ८० ते १२० पीपीएम असावी असं मानतात, आणि सामू ७.२ ते ७.८. पीपीएम म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमागे एक मिलिग्रॅम. हा आकडा 'कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात' लिहिलेला असतो. त्याचा अर्थ पाण्यात तेवढं कॅल्शियम कार्बोनेट आहे असा नाही. डॉलर असो की दिरहम, हिशेब रुपयांत करायचा, तसं ते एक सोयीचं चलन आहे.

अल्कलिनिटी फार कमी असेल तर सामूला आधारच राहत नाही. थोडं क्लोरीन टाकलं की तो उडी मारतो, दोन पाऊस झाले की पडतो. सामू फार पडला की डोळे चुरचुरतात, टाइल्समधलं सिमेंट झिजतं, शिडीला गंज धरतो. अल्कलिनिटी जास्त असेल तर मामांसारखं होतं. ॲसिड टाकून खाली आणलेला सामू पुन्हा चढत राहतो. चढलेल्या सामूत क्लोरीन लंगडं पडतं, कारण जंतू मारणारा त्याचा जो भाग आहे, हायपोक्लोरस आम्ल, तो सामू ७.५ असताना साधारण निम्मा असतो आणि ८ ला जेमतेम पाव उरतो. क्लोरीनचे पैसे तेवढेच जातात, काम निम्म्याहून कमी होतं. शिवाय पाणी गढूळ दिसतं आणि कडेला पांढरा थर चढतो. ठिबक सिंचनाच्या ड्रिपरमध्ये बसून लॅटरल, म्हणजे पाण्याच्या नळ्या, बंद पाडतो ना, तोच थर.

ठिबकवरून आणखी एक. तो थर काढायला ठिबकला आम्ल प्रक्रिया करताना आपण काय करतो? बादलीत मोजून पाणी घेतो, त्यात ॲसिड थोडं थोडं घालत जातो, दर वेळी सामू बघतो, आणि तो ४ च्या आसपास आला की किती ॲसिड लागलं ते लिहून ठेवतो. अल्कलिनिटीची चाचणी हीच आहे. बादलीऐवजी बोटभर नळी, सामूच्या पट्टीऐवजी रंगाचे थेंब, एवढाच फरक. हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "मग हे मी वीस वर्षं करतोय की!" खरंच करत होते.

आता प्रत्यक्ष चाचणी. तरणतलावाच्या किटमध्ये साधारण तीन बाटल्या असतात. एक क्लोरीन मारणारी, एक रंगाची, एक सौम्य सल्फ्युरिक ॲसिडची. आणि एक खुणा केलेली काचेची नळी. मापं किटनुसार बदलतात, तेव्हा तुमच्या डब्यातला कागद शेवटचा शब्द. मी वापरते त्यात २५ मिली पाणी घ्यायचं असतं आणि ॲसिडचा एक थेंब म्हणजे १० पीपीएम.

पाणी कुठून घेता याला फार महत्त्व आहे. पंप तासभर चालू ठेवा. जिथून फिल्टरचं पाणी परत येतं ते तोंड टाळा, तिथे नुकतं औषध घातलेलं असू शकतं. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, मग उलटी धरून कोपरापर्यंत हात बुडवा आणि खाली गेल्यावर सुलटी करा. वरवरच्या पाण्यात सनस्क्रीन, तेल, धूळ असते. आजच सोडा किंवा ॲसिड टाकलं असेल तर चाचणी उद्या.

नळीत २५ मिलीची खूण डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. पाण्याची कड काचेला धरून वर चढलेली दिसते, आपल्याला तिचा खालचा वळसा खुणेवर हवा. मग क्लोरीन मारणाऱ्या द्रावणाचे सांगितलेले थेंब. ही पायरी लोक गाळतात आणि मग रंग भलताच येतो, कारण क्लोरीन रंगालाही धुऊन काढतं. हिरव्याचा लाल होण्याऐवजी निळ्याचा पिवळा झाला, तर समजायचं की क्लोरीन शिल्लक आहे. हे द्रावण म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत, तेच.

आता रंगाचे पाच थेंब, पाणी हिरवं होतं. नळीमागे पांढरा कागद धरा. ॲसिडची बाटली अगदी उभी, तिरकी नको. तिरक्या बाटलीतून थेंब लहान-मोठे पडतात आणि आपला सगळा हिशेब थेंबांवर आहे. बाटलीचं टोक ओल्या फडक्याने पुसून घ्या. एक थेंब, नळी गोल फिरवा. दुसरा थेंब, पुन्हा फिरवा. मोठ्याने मोजा, मनात मोजलेलं चुकतं.

सुरुवातीचे बरेच थेंब काहीच होत नाही आणि माणूस कंटाळतो. मग अचानक थेंब जिथे पडतो तिथे एक लाल ठिपका उमटतो, शेपटीसारखा खाली लांबतो आणि नळी फिरवताच विरून जातो. तिथून सावकाश. ठिपका जायला वेळ लागू लागतो, हिरव्यात राखाडी झाक येते. त्याच्या पुढच्या थेंबाला सगळी नळी लाल होते आणि लालच राहते. आणखी एक थेंब टाकून बघा. रंग गडद झाला नाही, तर आधीचाच आकडा धरायचा, हा जास्तीचा मोजायचा नाही. त्या क्षणी नळीतला सामू साडेचारच्या आसपास आलेला असतो आणि सगळं बायकार्बोनेट ॲसिडने संपवलेलं असतं. काही पुरुषांना हिरवा-लाल फरक नीट दिसत नाही. घरात तसं कुणी असेल तर रंग बघायला दुसरं माणूस बसवा, थेंब त्यांनीच टाकावेत.

मामांच्या पाण्याला चोवीस थेंब लागले. म्हणजे २४०.

तलावाचं किट मिळालं नाही तर मत्स्यालयाच्या दुकानात केएच नावाचं किट मिळतं. माशांच्या टाकीसाठी असलं तरी मोजतं हेच. त्यात साधारणपणे ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे एक जर्मन डिग्री, आणि एक डिग्री म्हणजे १७.९ पीपीएम. पाच थेंब लागले तर सुमारे ९०. थेंब मोठे पडतात, म्हणून अचूकपणा कमी. पाणी दुप्पट घेतलं की प्रत्येक थेंबाची किंमत निम्मी होते, ही युक्ती मला आवडते. मात्र रंगाचे थेंब त्यातच असल्यामुळे छटा थोडी फिकट-गडद होईल, तिला घाबरू नका. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडून एन बाय पन्नास (N/50) तीव्रतेचं सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथिल ऑरेंज हा रंग आणला तर ते सगळ्यांत उत्तम. १०० मिली पाण्याला जितके मिली ॲसिड लागेल, त्याला १० ने गुणायचं. बारावीच्या मुलांकडून मी हेच करून घेते. बिनसुईची १० मिलीची सिरिंज ब्युरेटचं, म्हणजे मोजून द्रावण सोडणाऱ्या नळीचं, काम बऱ्यापैकी करते.

आणि पट्ट्या? बुडवा, झटकू नका, आडवी धरा, पुडक्यावर लिहिलेले सेकंद मोजा. रोजच्या नजर टाकण्याला ठीक आहेत. पण त्यांवर बहुतेकदा ४०, ८०, १२०, १८० अशा पायऱ्या असतात आणि ८० व १२० च्या हिरव्यांत फरक करताना घरात भांडण होतं. पावसाळ्यात ओल्या हाताने डबी उघडली की आतल्या सगळ्या पट्ट्या हळूहळू खराब होतात. पट्टीच्या भरवशावर पोतंभर सोडा ओतू नका, एवढंच म्हणेन.

किटवर विश्वास ठेवायचा का, हेही घरी तपासता येतं आणि वर्षातून एकदा तपासावंच. खाण्याचा सोडा सोनाराच्या छोट्या काट्यावर १.६८ ग्रॅम मोजा आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर करा. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने एक लिटर करा. या पाण्याची अल्कलिनिटी १०० पीपीएम. किटने नऊ ते अकरा थेंब दाखवले तर किट चांगलं. पंधरा दाखवले तर तारीख बघा, बाटली बहुधा जुनी झालीय.

एक बारकावा टीसीसीए, म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या, वापरणाऱ्यांसाठी. या गोळ्यांतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात साचत जातं. उन्हात क्लोरीन टिकवायला ते उपयोगी आहे, पण अल्कलिनिटीच्या चाचणीत तेही ॲसिड खातं आणि आकडा फुगवतं. सायन्युरिकचा आकडा माहीत असेल तर त्याचा साधारण एक तृतीयांश वजा करा. चाचणीत ११० आले आणि सायन्युरिक ९० असेल, तर कामाची अल्कलिनिटी ८० च्या जवळपास. शिवाय टीसीसीए स्वतः आम्लधर्मी आहे, ते रोज थोडी थोडी अल्कलिनिटी कुरतडत असतं. ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड क्लोरीन तसं करत नाही.

आता दुरुस्ती. आधी तलावात पाणी किती, ते काढा. मामांचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२५ मीटर खोल. गुणाकार ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर.

२४० वरून १२० वर यायचं, तर १० पीपीएम कमी करायला हजार लिटरमागे सुमारे २० मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, तीस-बत्तीस टक्क्यांचं. मामांच्या तलावाला एकूण साडेनऊ लिटरच्या वर. एवढं एकदम ओतलं तर सामू पाताळात जाईल. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ॲसिड बायकार्बोनेटला मारतं तेव्हा त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो काही वेळ पाण्यातच विरघळून राहतो. म्हणून सामू खाली दिसतो. सोड्याच्या बाटलीतला फसफसाट उघड्यावर निघून जातो, तसा तो तलावातून हळूहळू उडतो आणि सामू पुन्हा चढतो. पण मेलेली अल्कलिनिटी परत येत नाही. म्हणजे मामा मे महिन्यात जे करत होते ते चुकीचं नव्हतं. सामू चढलेला बघून ते निराश होत होते, पण आतून अल्कलिनिटी दर वेळी थोडी उतरतच होती. त्यांना ती दिसत नव्हती, कारण ती कुणी मोजतच नव्हतं.

मग आम्ही तेच शिस्तीत केलं. ॲसिड टाकून सामू ७.२ वर आणायचा, परतीच्या पाण्याचं तोंड वर वळवून पाणी खळखळत ठेवायचं, सामू चढला की पुन्हा ॲसिड. एका वेळी लिटर-सव्वा लिटर. अशा आठ फेऱ्यांत, तीनेक आठवड्यांत, चोवीसचे बारा थेंब झाले.

ॲसिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, कधीही उलटं नाही. पंप चालू असताना खोल बाजूला सावकाश सोडायचं आणि त्या दिवशी कुणी पाण्यात उतरायचं नाही. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, त्याची तीव्रता कुणालाच माहीत नसते. आणि क्लोरीनच्या कोणत्याही औषधाशेजारी ॲसिड ठेवूसुद्धा नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए एकाच मगात घेण्याची चूकही करू नका, ते मिश्रण पेट घेऊ शकतं. मामांकडे आता ॲसिडची खोली वेगळी आहे आणि तिची किल्ली मामींच्या कनवटीला असते.

पावसाळ्यात उलटा खेळ झाला. तलाव भरून वाहत होता. वरून पडणारं पाणी जवळजवळ शून्य अल्कलिनिटीचं, आणि बाहेर जाणारं आपलं कमावलेलं. सव्वा मीटर खोलीच्या तलावात नुसता २५० मिलिमीटर पाऊस पडून वाहून गेला, तरी जवळपास पाचवा हिस्सा पाणी बदलतं. श्रावणात मामांनी स्वतः थेंब मोजले आणि फोन केला, "सहाच लागले गं. आता ॲसिड नाही, आता उलटं."

वाढवायला खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा नको, तो सामू फार चढवतो. बेकिंग पावडर तर नकोच, तिच्यात आंबट पदार्थ आणि पिठूळ भाग मिसळलेला असतो. १० पीपीएम वाढवायला हजार लिटरमागे १७ ग्रॅम. ६० चे ९० करायचे, म्हणजे ४०,००० लिटरला दोन किलो आणि वर थोडा. मी त्यांना एक किलो संध्याकाळी आणि एक किलो दुसऱ्या संध्याकाळी, बादलीत विरघळवून, कडेकडेने टाकायला सांगितला. पंप रात्रभर चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामींनी नळी धरली आणि मामांनी थेंब मोजले. आठव्याला लाल ठिपका रेंगाळला, नवव्याला नळी लाल झाली.